फ्रेममधलं वचन आणि त्याच्या आधीची ओवी

मुलीचा व्हिसा दोनदा नाकारला. चर्चमधल्या बहिणींनी बायबलमधल्या यिर्मया २९:११ ची फ्रेम भेट दिली, ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ अशा अर्थाची. यावर विसंबावं का?

फ्रेम राहू द्या, पण आधी दहावी ओवी वाचा. तिथं ७० वर्षांची मुदत आहे! नबुखद्नेस्सरानं यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं हे पत्र. घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, त्या परक्या शहराचं भलं मागा, असं संदेष्टा यिर्मया सांगतो. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना माघारी येणं नव्हतंच. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे म्हणतो, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना कोण आवडला असेल, वेगळं सांगायला नको. व्हिसाच्या अर्जावर हे वचन ठेवणारे नाव यिर्मयाचं घेतात आणि बोलतात हनन्यासारखं. प्रार्थना जरूर करा. कागदपत्रंही पुन्हा तपासा. व्हिसा अधिकारी यिर्मया वाचत नाहीत.

गणपतीचा प्रसाद घेऊ नका, असं पाळक प्रेषितांची कृत्ये १५ दाखवून सांगतात. मग लेवीय ११ मध्ये मना केलेलं डुक्कर कसं चालतं?

डुकराचं उत्तर त्याच अध्यायात आहे. यहुदी नसलेल्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचं ओझं लादायचं नाही, असं यरुशलेमच्या सभेनं ठरवलं आणि चारच गोष्टी वर्ज्य केल्या: मूर्तींना अर्पिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि व्यभिचार. आता गंमत बघा. प्रसादाला हात न लावणारी कितीतरी घरं नाताळात सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण, मिटक्या मारत खातात, आणि जुन्या रीतीच्या सोरपोतेलात डुकराचं रक्त पडतं. एकाच ओवीतलं एक कलम कडक, दुसरं विसरलेलं. निवड करायला हरकत नाही. रक्ताची मनाई त्या काळापुरती होती, असं चर्चचा जुना धर्मपंडित ऑगस्टिननंही मानलं. पण निवड केली हे कबूल करावं, ‘शास्त्रात लिहिलंय’ म्हणून विषय संपवू नये. प्रेषित पौल करिंथकरांना सांगतो, समोर वाढलेलं चौकशी न करता खा. हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. प्रसाद सांगूनच देतात, म्हणजे पाळकांच्या म्हणण्याला आधार आहे. त्यांनी हे कारणही सांगावं एवढंच.

मार्क १६ म्हणतो, विश्वास ठेवणारे साप उचलतील. शब्दशः घ्यायचं?

अमेरिकेतल्या अॅपलाचिया डोंगरांत काही मंडळ्या घेतात. त्यांतला सर्वांत नावाजलेला उपदेशक जॉर्ज हेन्सली १९५५ मध्ये सर्पदंशानंच गेला. शिवाय ९ ते २० या ओव्या सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीत. तिथं मार्क आठव्या ओवीला, कबरेपासून घाबरून पळणाऱ्या बायकांपाशी थांबतो. बऱ्याच आवृत्त्यांत तशी तळटीप असते. तिच्याकडे कुणी बघत नाही.

कॅथलिकांची ७३ पुस्तकं, आमची ६६. खरं बायबल कोणतं?

यादी माणसांनी, वाद घालत ठरवली. नव्या कराराची आजची २७ पुस्तकं, नेमकी तेवढीच, प्रथम बिशप अथनासियसच्या इ.स. ३६७ च्या पत्रात सापडतात. जुन्या करारातली वादाची सात पुस्तकं कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेनं १५४६ मध्ये पक्की केली. प्रोटेस्टंट सुधारक लूथरनं मात्र १५३४ च्या बायबलात ती वेगळी ठेवली, पण वाचायला चांगली म्हणून. तेव्हा त्या सातांतलं मक्काबी वाचायला लूथरचीही परवानगी आहे.