नुसत्या उजेडावर जाऊ नकोस

प्रिय मुली,

तू पाठवलेली चित्रं रात्री तीनदा उघडून पाहिली. उंदराच्या कर्करोगाच्या गाठीत ऑक्सिजन कुठे कमी ते शोधायला तू चमकणारे कण टोचलेस. नुसत्या उजेडाच्या चित्रात गाठीच्या मधोमध झगझगीत ठिपका, आणि दोन प्रकाशांच्या गुणोत्तराच्या नकाशावर त्याच जागी काहीच नाही. गाईडना ठिपका आवडलाय, आणि खरं कुठलं असं तू मला विचारतेस. गुणोत्तराचं! यात विचारण्यासारखं काय होतं?

ऑक्सिजन फॉस्फोरेसन्स, म्हणजे कणांचा मागे रेंगाळणारा उजेड, विझवतो, म्हणून तो कमी तिथे कण जास्त उजळतात, मान्य. पण कण साचले तिथेही उजेड जास्तच. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या. कुठे कणांचा ढीग, कुठे टिपूस नाही. उजेड म्हणजे ऑक्सिजनचा अभाव नव्हे. 2009 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या कॅसँड्रा फ्रेझर यांच्या गटाने ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर एकाच कणातून दोन प्रकाश काढले, ते याचसाठी. पहिला प्रकाश, फ्लुओरेसन्स, नॅनोसेकंदांत संपतो, ऑक्सिजनला त्याला गाठायला सवडच नाही. दुसरा, फॉस्फोरेसन्स, मिलिसेकंदभर रेंगाळतो आणि सापडतो. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की कण किती हा प्रश्नच उरत नाही. तुझे कण त्याच जातीचे. मग भाग ना!

रक्त निळा प्रकाश, म्हणजे फ्लुओरेसन्स, जास्त गिळतं आणि गुणोत्तर बिघडवतं, असं गाईड म्हणतील. खरं आहे. पण त्या चुकीने गुणोत्तर वाढतं, आणि तुझं वाढलेलंच नाही.

मी भागलं नव्हतं. माझ्याकडे पोर्फिरिन हे चमकणारं रंगद्रव्य होतं, त्याचा एकच प्रकाश. त्याचं आयुर्मान, म्हणजे तो किती वेळ टिकतो ते, मोजायला हवं होतं. उपकरण यायला वेळ होता आणि मला घाई होती. नुसतं तेज मोजून चर्चासत्रात ठिपका दाखवला, टाळ्या घेतल्या. नंतर गाठ कापली तर तो ठिपका एका फुटक्या वाहिनीच्या काठचा. लेख मागे घेतला, दोन वर्षं गेली, बरोबरीचे पुढे निघून गेले. हेकट म्हणाले मला. म्हणोत. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला किरणांचा अडीच-तीन पट डोस लागतो. अशा नकाशावरून उद्या कोणी डोस ठरवला तर? लेख मागे घेतला तेव्हा मी बरोबरच वागलो, आजही तसाच वागेन.

तुझ्यावर चिडलो नाही गं. गुणोत्तर पाहायचं तुला सुचलं, मला सुचलं नव्हतं.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे किती ऑक्सिजनला किती गुणोत्तर ते, पुन्हा कर: 37 अंशांवर, सीरममध्ये (रक्तातल्या पातळ द्रवात), आधी नायट्रोजन सोडून ऑक्सिजन शून्य. कण न टोचलेल्या उंदराची पार्श्वभूमी वजा कर. मग उंदराला कार्बोजेन (भरपूर ऑक्सिजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड) हुंगायला देऊन वाहिन्यांजवळचं गुणोत्तर उतरतं का बघ. रविवारी आकडे घेऊन फोन कर. चित्र नको, आकडे.