वाचकांचे प्रश्न : पॅकेज बसत नाही तेव्हा

हडपसरहून एक विद्यार्थिनी : उबुंटूवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) एक पॅकेज टाकताना पडदाभर लाल ओळी येतात आणि शेवटी ‘फेल्ड बिल्डिंग व्हील’. पिप अद्ययावत केला, फरक नाही. काय करू?

शेवटच्या ओळीतून काम फसलं एवढंच कळतं, कारण बरंच वर असतं. तुमच्या पायथन आवृत्तीसाठी तयार व्हील (थेट बसवता येणारं पॅकेज) मिळालं नाही की पिप सोर्स (मूळ कोड) उतरवून तुमच्याच मशीनवर कंपाइल करू लागतो, आणि अडतं ते तिथे. सगळं आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि त्यात कोलनसकट ‘एरर:’ शोधा. कोलन नसेल तर ‘एरर्स.पीवाय’सारख्या फाइलींची नावंही सापडत राहतात. पहिली अशी ओळ ‘पायथन.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असेल, तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-डेव्ह बिल्ड-इसेन्शियल’ पुरे. उबुंटूचा मूळ पायथन सोडून दुसरी आवृत्ती वापरत असाल, तर डेव्ह पॅकेजही त्याच आवृत्तीचं हवं. कंपाइल करायचंच नसेल तर ‘--ओन्ली-बायनरी=:ऑल:’ द्या; व्हील नसल्याचं पिप लगेच सांगेल, लाल ओळींचा पूर येणार नाही.

हिंजवडीहून एक डेव्हलपर : आमचे लॅपटॉप विंडोजचे, बिल्ड सर्व्हर लिनक्सचा. तिथे एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं साधन) बिनतक्रार संपतो, पण बिल्ड ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल @रोलअप/रोलअप-लिनक्स-एक्स६४-जीएनयू’ म्हणून थांबतो. एरर इन्स्टॉललाच का येत नाही?

कारण ते पॅकेज ‘ऑप्शनल डिपेंडन्सीज’मध्ये आहे. ऑप्शनल पॅकेज बसलं नाही तरी एनपीएम पुढे जातो आणि एक्झिट कोड शून्यच देतो, म्हणजे ‘काम झालं’ असंच सांगतो. रोलअप (जावास्क्रिप्टच्या फाइली एकत्र बांधणारं साधन) प्रत्येक सिस्टिमसाठीचा कंपाइल केलेला भाग वेगळ्या पॅकेजात ठेवतो, म्हणजे विंडोजवर विंडोजचाच उतरावा. त्यातला एकही नसेल तर रोलअप चालत नाही, पण हे एनपीएमच्या गावीही नसतं. नाव ऑप्शनल, गरज सक्तीची. हा घोळ समजून घेण्यासारखा आहे.

आता बिघाड कुठे ते पाहा. आधीची ‘नोड_मॉड्यूल्स’ (उतरवलेल्या पॅकेजांची डिरेक्टरी) तशीच ठेवून लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारी ‘पॅकेज-लॉक.जेसन’) नव्याने बनवली, तर एनपीएमच्या एका जुन्या दोषामुळे इतर सिस्टिमच्या नोंदी गळू शकतात. ‘पॅकेज-लॉक.जेसन’मध्ये ‘नोड_मॉड्यूल्स/@रोलअप/रोलअप-लिनक्स-एक्स६४-जीएनयू’ ही पूर्ण नोंद शोधा. नुसतं पॅकेजचं नाव शोधू नका, ते रोलअपच्या यादीत दिसतंच आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पूर्ण नोंद नसेल तर ‘नोड_मॉड्यूल्स’ आणि लॉक फाइल दोन्ही काढून ‘एनपीएम इन्स्टॉल’ करा. एकच काढून भागत नाही. यात बाकीच्या पॅकेजांच्या आवृत्त्याही पुढे सरकू शकतात, तेव्हा टेस्ट चालवा आणि हा बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा.

नोंद असूनही तोच एरर येत असेल, तर सर्व्हरवरच्या ‘.एनपीएमआरसी’त (एनपीएमच्या सेटिंग्जची फाइल) किंवा बिल्ड स्क्रिप्टमध्ये ‘ओमिट=ऑप्शनल’ (ऑप्शनल पॅकेजं वगळा) आहे का बघा. कुणीतरी जागा वाचवायला घातलेलं असतं. अल्पाइन (छोटेखानी लिनक्स) कंटेनर असेल तर मात्र ‘जीएनयू’ नव्हे, ‘मसल’ नावाचं पॅकेज लागतं, कारण अल्पाइनची सी लायब्ररी वेगळी आहे.

कोथरूडहून एक वाचक : जुन्या मशीनवर डेबियन आहे. छोटा प्रोग्राम टाकला तरी एपीटी (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) ढीगभर पॅकेजं ओढतो. टाळता येईल?

येईल. पॅकेजसोबत येणाऱ्या इतर पॅकेजांचे तीन गट असतात : ‘डिपेंड्स’ सक्तीचे, ‘रेकमेंड्स’ आपोआप बसणारे, ‘सजेस्ट्स’ नुसते सुचवलेले. ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लावलं की मधला गट वगळला जातो. वगळलेली नावं एपीटी हो-नाही विचारण्याआधीच ‘रेकमेंडेड पॅकेजेस’खाली दाखवतो, ती टिपून ठेवा. पुढे प्रोग्राममधली एखादी सोय चालेनाशी झाली, तर बहुधा त्यातलंच एखादं पॅकेज हवं असतं. ते नावाने टाकता येतं.