आरोग्य-प्रश्नोत्तरे : एका रुग्णाचे दोन आजार आणि सांभाळणारी एकटी

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. मधुमेह आणि रक्तदाब जुनाच आहे. आता स्तनाचा कर्करोग निघाला असून दर तीन आठवड्यांनी केमोसाठी आम्ही छत्रपती संभाजीनगरला जातो. केमोनंतर दोन दिवस त्यांची साखर साडेतीनशेच्या वर असते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अन्न जात नाही तेव्हा त्या घामाघूम होऊन थरथरतात. कर्करोगाचे डॉक्टर म्हणतात, साखरेचे तुमच्या फिजिशियनना विचारा. फिजिशियन म्हणतात, केमो चालू असताना मी काही बदलणार नाही. नणंदा फोनवर म्हणतात, पथ्य नीट पाळले जात नसेल. मला स्वतःला रक्तदाबाची गोळी आहे, ती घेतली की राहिली हेही आठवत नाही. फार चिडचिड होते आणि मग अपराधी वाटते. काय करावे?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : आधी पथ्याविषयी, कारण तो आरोप तुमच्या मनाला लागलेला दिसतो. केमोच्या वेळी उलट्या व औषधाची रिॲक्शन टाळण्यासाठी बहुधा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, आणि त्याने मधुमेही रुग्णाची साखर, विशेषतः दुपारनंतर, बरीच चढते. पुढे स्टेरॉइड थांबते, तोंडाची चव जाते, जेवण अर्ध्यावर येते, पण ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र पूर्वीच्याच मात्रेत चालू राहते. म्हणून साखर एकदम उतरते. तुम्ही सांगितलेला दिवसांचा क्रम या कारणाशी तंतोतंत जुळतो, तेव्हा भाकरीवर खापर फोडू नका.

दोन डॉक्टरांमध्ये तुमची जी ओढाताण होते आहे, तिचे मूळ बहुतेक वेळा कागदात असते : एकाच्या हाती दुसऱ्याचा कागद नसतो. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक केमोसाठी एक पान ठेवा. त्यावर केमोची तारीख, दिलेल्या औषधांची नावे, सकाळ-संध्याकाळची साखर, रक्तदाब आणि त्या दिवशी किती खाल्ले ते लिहा; ‘अर्धी भाकरी, वाटीभर वरण’ एवढेही पुरे. असे एक भरलेले पान घेऊन फिजिशियनकडे जा आणि सर्वसाधारण सल्ला न मागता नेमके विचारा : स्टेरॉइडच्या दिवसांत मात्रा वाढवायची का, जेवण गेले नाही तर कोणती गोळी थांबवायची, उलट्या-जुलाब झाले तर रक्तदाबाची गोळी द्यायची का. उत्तर त्याच पानावर त्यांच्या हाताने लिहून घ्या व पुढच्या खेपेला ते केमोच्या डॉक्टरांना दाखवा. मात्रा आपल्या मनाने बदलू नका, पण लेखी सूचना मागायला संकोचही करू नका; त्या मिळणे हा तुमचा हक्क आहे.

घाम आणि थरथर सुरू झाल्यास लगेच ग्लुकोमीटरने पाहा. साखर ७० च्या खाली असेल आणि त्या शुद्धीवर असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या व १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. मशीन हाताशी नसेल तर मोजण्यासाठी थांबून राहू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करा. दुसरी गोष्ट तापाची. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, त्यात मधुमेहामुळे जंतुसंसर्ग लवकर पसरतो. म्हणून १०० अंशांच्या वर, नेमके सांगायचे तर १००.४ फॅरनहाइट ताप आला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी रुग्णालयाला कळवून निघायचे. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध चालू असेल तर तळपाय बधिर होऊ शकतात आणि मधुमेहाने ते आधीच बधिर असू शकतात, त्यामुळे रोज रात्री तळवे पाहा आणि अंगणातही अनवाणी फिरू देऊ नका. भेटायला येणारे काढे सुचवतीलच. त्यांना चहा द्या, काढा राहू द्या. तो मूत्रपिंडावर आणि चालू औषधांवर काय करील हे सांगणारा माणूस चहाबरोबर निघून गेलेला असतो.

आता तुमच्याविषयी. ‘थोडी मदत करा’ असे म्हटल्याने घरात कोणी हलत नाही, हा अनेक घरांचा अनुभव आहे. काम आणि दिवस ठरवून सांगावे लागते. चौथ्या ते सहाव्या दिवशीची रात्रीची साखर यजमानांनी तपासावी. एका नणंदेने पुढच्या केमोला स्वतः सोबत जावे. वही पाहिली की फोनवरचे सल्ले आपोआप कमी होतात. तुमची रक्तदाबाची गोळी सासूबाईंच्या सकाळच्या गोळ्यांच्या डबीशेजारीच वेगळ्या डबीत ठेवा आणि त्याच वहीत कोपऱ्यात स्वतःचाही रक्तदाब लिहा. चिडचिड ही माया आटल्याची खूण नाही, ती बहुधा अपुऱ्या झोपेची असते. पण झोपच लागत नसेल किंवा सतत रडू येत असेल, तर १४४१६ या टेलि-मानस मानसिक आरोग्य सेवेच्या विनामूल्य क्रमांकावर मराठीतून बोलता येते. सेलूहून रेल्वेने जात असाल तर रुग्णालयाकडून सवलतीचे प्रमाणपत्र घ्या : स्लीपर व थ्री-एसीत कर्करुग्णाला पूर्ण आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत आहे. एसटीत तर महिलांना २०२३ पासून अर्धेच तिकीट आहे.

प्रश्न : वडिलांच्या (वय ६२) घशाच्या कर्करोगाचे शेक (रेडिएशन) संपले, पण नाकातल्या नळीनेच खाणे चालू आहे. रक्तदाब आणि दमाही आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघे ऊसतोडीला जाणार; घरी तेरा वर्षांची मुलगी राहील. ती नळीतून सगळे देते. चालेल का?
— एक वाचक, धारूर, जि. बीड

उत्तर : चालणार नाही. ती हुशार असेल, पण रात्री दम लागला किंवा नळी निघाली तर निर्णय घेणे हे तिचे काम नव्हे, आणि तिची शाळाही सुटेल. मुकादमाकडून उचल घेण्याआधीच विवाहित बहीण, चुलत भाऊ किंवा तुमच्यापैकी एक यांतले कोण थांबणार ते ठरवा. एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी, मोडला की मजुरी अर्ध्यावर येते हे आम्ही जाणतो. म्हणून कर्करोगासारख्या आजाराने कमावता न येणाऱ्या ६५ वर्षांखालील निराधारांसाठीच्या संजय गांधी योजनेच्या अटी तहसील कार्यालयात विचारून, बसत असल्यास अर्ज आत्ताच द्या.

जो थांबेल त्याला आणि शेजारच्या आणखी एकाला रुग्णालयातल्या नर्सकडून नळीचे शिक्षण घेऊ द्या, आशाताईंनाही कल्पना द्या. वडिलांना बसते करूनच खाणे द्यावे व नंतर अर्धा तास तरी आडवे होऊ देऊ नये, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन दमा बळावतो. रक्तदाबाची गोळी कुटण्याआधी पाकीट पाहा : नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’ किंवा ‘एक्सएल’ असेल तर ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते, कुटून दिल्यास दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. अशी गोळी असेल तर बदलून मागा, आणि निघण्यापूर्वी महिन्याभराची औषधे घरात भरून ठेवा.