खानापूरच्या दादांना: चाचणीच्या खोलीत तुम्ही बसू नका

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगी चौथीत आहे, सातवीची गणितं तोंडी सोडवते, ग्रहण कसं लागतं ते आजोबांना समजावून सांगते, आणि पाच ओळी शुद्धलेखन लिहायला तास लावते. बाई म्हणतात, "हुशार आहे, पण आळशी." हे वाचलं आणि निवडत होते ती भाजी बाजूला ठेवली. माझ्या मुलाबद्दल हेच वाक्य मी चार वर्षं ऐकलंय. तो आता दहावीत आहे. आम्ही बेळगावातल्या शहापूरचे, शाळा मराठी माध्यमाची.

डोळे-कान तपासले असतील असं धरून चालते. ज्या एका गोष्टीत आमचं दीड वर्ष गेलं तिच्यावरच येते: मूल हुशार असूनही वाचणं-लिहिणं का अडतं, म्हणजे अध्ययन अक्षमता आहे का, हे बघणारी चाचणी, आणि ती कोण कोणत्या भाषेत घेतं.

मुलगा साडेनऊ वर्षांचा असताना बुद्ध्यांक चाचणी केली. तपासणाऱ्या मॅडमना कन्नड आणि इंग्रजी येत होतं, मराठी नाही. मुलाचं कन्नड तेव्हा दुकानात सामान आणण्यापुरतं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच आत बसा आणि त्याला मराठीत सांगा." मला वाटलं, बरं झालं, पोरगं घाबरणार नाही. दीड तास मी सगळे प्रश्न मराठीत करून सांगत बसले.

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. त्या चाचणीत दोन गोष्टींत सारखं काय, अमुक शब्दाचा अर्थ काय, असे प्रश्न असतात. मराठीत सांगताना मी जो शब्द वापरायची त्यातच अर्धं उत्तर जायचं. तो अडला की मी तेच दुसऱ्या तऱ्हेनं विचारायची. आईच्या तोंडून हे आपोआप होतं. प्रमाणित चाचणीत प्रश्नाचे शब्दसुद्धा ठरलेले असतात आणि ते बदलले की गुणांना अर्थ राहत नाही, हे मला फार उशिरा कळलं. मॅडमनी अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं होतं की सूचना पालकांमार्फत दिल्या, निष्कर्ष जपून वापरावेत. मी ती ओळ वाचलीच नाही. मी आकडा बघितला.

आकडा होता १०६. घरात सगळे म्हणाले, चला, पोरगं सरासरी आहे, उगाच डोक्यात घेतलंस. आत मात्र भाषिक आकलन १३१ होतं आणि कामाचा वेग ८१. आमची चाचणी होती त्या वेक्सलरच्या बुद्ध्यांक चाचणीच्या चौथ्या आवृत्तीत चार भाग असतात: भाषिक आकलन, आकृत्यांवरचा तर्क, ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करणं, आणि वेग. दोन भागांत पन्नासाचं अंतर असेल तर एकत्रित आकड्यावरून त्या मुलाबद्दल काहीही कळत नाही. १०६ नावाचं मूल आमच्या घरात नव्हतंच. वेग आणि स्मृती बाजूला ठेवून 'जनरल अ‍ॅबिलिटी इंडेक्स' काढता येतो. तो मागा. मागितल्याशिवाय कोणी देईलच असं नाही. आमचा १३१ मी मदत केल्यामुळं किती फुगला होता, हेही कोणाला सांगता येत नव्हतं.

मग अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी एका कार्यालयात गेलो. नाव लिहीत नाही. तिथं मुलाशी दोन मिनिटं बोलून सांगितलं, "एवढं चुरूचुरू बोलतंय, ह्याला कसलं प्रमाणपत्र?" फाईल परत दिली, वरच्या त्या ओळीवर बोट ठेवून. पुन्हा चाचणी करून आणा म्हणे. पण तीच चाचणी लगेच घेतली तर मुलाला प्रश्न आठवतात, म्हणून निदान वर्षभर थांबायला सांगितलं गेलं. त्या वर्षात एका टेबलाला शाळेचं पत्र हवं होतं आणि शाळेला त्या टेबलाचं. नकार कोणी लेखी दिला नाही. तुम्हाला असं कोणी म्हटलं तर तिथंच कागदावर लिहून मागा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्ट आहे. २०१८ च्या केंद्राच्या नियमांत बुद्ध्यांक ८५ च्या वर असावा अशी अट होती. ती खालची मर्यादा होती, वरची कुठेच नव्हती. मूल 'जास्तच हुशार' आहे म्हणून नाकारणं नियमात बसत नाही. (मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. नियमांत नंतर सुधारणा झाल्यात, ताजं पत्रक बघून घ्या.)

तेवढ्या काळात मुलगा पाचवीत गेला आणि वर्गात हात वर करायचा बंद झाला. एका रात्री म्हणाला, "आई, मी ढ आहे ना?" त्याच दिवशी त्यानं मला भरती-ओहोटी समजावली होती. त्या टेबलामागच्या माणसांना हे कधी सांगताच आलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

दुसऱ्या वेळी मराठी बोलणाऱ्या मॅडम मिळाल्या आणि मी बाहेर बाकावर बसले. वाचनाची तपासणी 'डाली'वर झाली, म्हणजे डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) ओळखायच्या चाचणीवर. ती राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची आहे, मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत. आपल्या भागाला यापेक्षा सोयीचं काही मला माहीत नाही. पण ती पाचवीपर्यंतचीच, तेव्हा वेळ घालवू नका. गोष्टीचा उतारा त्यानं बऱ्यापैकी वाचला, कारण पुढं काय येणार ते तो ओळखायचा. मग अर्थ नसलेले शब्द दिले, आणि दुसऱ्याच शब्दाला अडकला. अशी मुलं वाचत नाहीत, अंदाज बांधतात. हुशारी अडचण झाकते, अडचण हुशारी झाकते, आणि प्रगतिपुस्तकावर बी ग्रेड दिसतो.

फक्त इंग्रजीत तपासू देऊ नका, "इंग्रजी कच्चं आहे" म्हणून मोकळे होतात. ज्या माध्यमात मूल शिकतं त्यात तपासायचं. आपल्या पोरांना देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या. कन्नडात जोडाक्षराचा दुसरा भाग खाली येतो, वेलांट्या वेगळ्या. कन्नड उशिरा सुरू झालं म्हणून चुका होतात की तिन्ही लिप्यांत एकाच जातीच्या चुका होतात, हे बघणारा माणूस हवा.

पुण्याला ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून प्रज्ञावंत मुलांमध्ये काम करते, तिथं भाषेचा प्रश्न नाही. मुलगी समजून घ्यायला जरूर जा. प्रमाणपत्राचा अर्ज मात्र साधारणपणे आपल्या राहत्या जिल्ह्यातून करावा लागतो. बेंगळूरला निमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत जाणार असाल तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून त्याच सकाळी चाचणीला बसवू नका. एक दिवस आधी जा. झोप नसलेल्या मुलाचा वेग पडतो.

चाचणीआधी शिकवणी लावू नका, खऱ्या वह्या न्या, फेअर केलेल्या नकोत. सुंदर हस्ताक्षराच्या क्लासात पैसे घालू नका. हे माझं मत, कोणाला पटणार नाही. त्यापेक्षा सातवीचं गणित तोंडीच पुढं जाऊ द्या, लिहिण्यासाठी अडवू नका. परीक्षेत तासाला निदान २० मिनिटं जादा मिळण्याची केंद्राची तरतूद आहे. माझ्या मुलाला ती मिळायला लागल्यावर त्यानं पहिल्यांदा पूर्ण पेपर लिहिला.

फोनवर वेळ घेताना आधी विचारा: मराठीत घेणार कोण? "तुम्हीच सांगा मुलीला" असं उत्तर आलं तर तिथं जाऊ नका, भले दुसरीकडं चार महिने थांबावं लागो.

आणि मला एवढं कळवा: शाळा कोणत्या माध्यमाची आहे, आणि मनात हिशेब करताना ती मराठीतले पाढे म्हणते की मग्गी, म्हणजे कन्नडातले पाढे? त्यावरून गणिताचा भाग कोणत्या भाषेत घ्यायला सांगायचं ते ठरवता येईल.