घराण्यात मधुमेह आणि हृदयविकार असताना कुटुंबाने दीर्घ, उत्साही आयुष्यासाठी कोणत्या सवयी लावून घ्याव्यात?

आपण लिहिले आहे की आपले आजोबा 58व्या वर्षी आणि काका 61व्या वर्षी हृदयविकाराने गेले, वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, आपण स्वतः 41 वर्षांचे आहात, आणि नुकतेच आई-वडील, पत्नी व दोन मुलांसह पुण्याहून इंदूरला राहायला आला आहात. आपला प्रश्न असा आहे की घराणेच अल्पायुषी असेल तर सवयी बदलून काही उपयोग होतो का, आणि होत असेल तर सहा जणांच्या घरात सुरुवात कोठून करावी.

मी डॉक्टर नाही. इंदूरमधील एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत मी 31 वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्या कामामुळे मला जे दिसले ते बहुतेकांना एका जागी बसून दिसत नाही. एकेका कुटुंबाचे अहवाल मी वीस-पंचवीस वर्षे हाताळले. आधी सासरे येत, काही वर्षांनी मुलगा येई, आणि त्यानंतर सून येई. मुलाची रक्तशर्करा वडिलांसारखी वाढलेली दिसली की सर्वजण आनुवंशिकतेला दोष देऊन मोकळे होत, परंतु वेगळ्या घराण्यातून आलेल्या सुनेचा आकडाही पंधरा वर्षांत त्याच वाटेने जाताना मी इतक्या वेळा पाहिला, की तो केवळ रक्ताचा दोष आहे असे मानणे मला अशक्य झाले. पतिपत्नींपैकी एकाला मधुमेह असल्यास दुसऱ्यालाही तो होण्याचा धोका वाढतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतही दिसून आले आहे. त्या दोघांचे रक्त वेगळे असते. स्वयंपाकघर, जेवणाची वेळ आणि संध्याकाळ घालवण्याची पद्धत मात्र एकच असते. म्हणून आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाला माझे उत्तर असे आहे की आनुवंशिकता खरी आहे आणि तिच्यामुळे आपण अधिक सावध राहिले पाहिजे, परंतु ज्याला आपण घराण्याचा आजार म्हणतो त्याचा मोठा हिस्सा घराच्या व्यवस्थेचा असतो, आणि व्यवस्था बदलता येते.

येथे व्यवस्था हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. एकट्या माणसाने केलेला निश्चय घरातील इतर पाच जणांच्या नित्यक्रमापुढे महिनाभरही टिकत नाही. आपण इंदूरला आलाच आहात, तर रोज सकाळी गाणे वाजवत येणारी कचऱ्याची गाडी आपण पाहिलीच असेल. 2017 मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पहिले आले आणि त्यानंतर सलग अनेक वर्षे पहिले राहिले. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय आमच्या गल्लीतील कोणालाही आधी नव्हती. ती उपदेशाने लागली असे मला वाटत नाही. गाडी ठरलेल्या वेळी दारात येऊ लागली, तिच्यात निरनिराळे कप्पे होते, आणि मिसळलेला कचरा परत केला जाऊ लागला, तेव्हा घरोघरी दोन डबे आले आणि आज आमची चार वर्षांची नातसुद्धा केळ्याची साल योग्य डब्यात टाकते. आरोग्याच्या सवयींचेही असेच आहे.

या दृष्टीने पाहिले तर सवयी ठरतात त्या महिन्याच्या किराण्याच्या यादीत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. हा आकडा ऐकून कोणाला काहीच उमगत नाही, कारण स्वयंपाक करताना ग्रॅम मोजत कोणी बसत नाही. परंतु सहा जणांचा तीस दिवसांचा हिशेब केला तर तो 900 ग्रॅम होतो, आणि मुलांना त्याहूनही कमी लागते. म्हणजे एक किलोची मिठाची पिशवी आपल्या घरात महिन्याच्या आतच संपत असेल, तर मर्यादा तेथेच ओलांडली गेली आहे, आणि लोणचे, पापड, बिस्किटे, फरसाण यांतले मीठ त्यात अजून धरलेलेच नाही. इंदूरमध्ये शेवेची भर पडते. येथील मराठी घरांत शेव पोह्यांवर असते, भाजीवर असते आणि पुष्कळदा वरणभातावरही असते. पोह्यांवर भुरभुरण्याच्या जिरावण मसाल्यातही मीठ असतेच. आमच्याकडे शेवेचा डबा जेवणाच्या टेबलावर मध्यभागी असे. आम्ही शेव बंद केली नाही, कारण ती बंद करणे या गावात राहून शक्य नाही आणि माझ्या मते आवश्यकही नाही. तो डबा आम्ही स्वयंपाकघरातील वरच्या फडताळात हलवला आणि अर्ध्या किलोऐवजी पाव किलो आणू लागलो. स्टूल घेऊन डबा काढावा लागतो एवढ्यानेच खाणे निम्म्यावर आले. तेलाचेही असेच केले: पूर्वी सहा जणांना महिन्याला सात लिटर लागे, आम्ही दर महिन्याला अर्धा लिटर कमी आणत गेलो, आणि आठव्या महिन्यात साडेतीन लिटरवर आलो तोपर्यंत भाजीची चव बदलल्याची तक्रार कोणी केली नव्हती. एकदम निम्मे केले असते तर ती पहिल्याच दिवशी झाली असती.

साखरेबद्दल थोडक्यात सांगते. चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे, एवढ्यानेच दिवसाची साखर 30 ग्रॅमच्या पुढे जाते, तर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहणे अधिक हिताचे मानले जाते. वडिलांसाठी वेगळा बिनसाखरेचा चहा करू नये, सर्वांच्याच चहातील साखर हळूहळू कमी करावी. वेगळ्या कपामुळे आजारी माणूस घरात एकटा पडतो आणि पुढे तोच लपवून खाऊ लागतो, हे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे.

जेवणाच्या वेळेकडे मी सर्वांत जास्त लक्ष द्यायला सांगेन. रात्री आपले शरीर साखर सकाळइतक्या सहजपणे हाताळत नाही, त्यामुळे तेच जेवण रात्री दहाला घेतले तर संध्याकाळी सातच्या मानाने रक्तातील साखर अधिक चढते. आमच्याकडे यजमान दुकानातून साडेनऊला येत, त्यानंतर पुरुषांची आणि मुलांची पाने होत, आणि सासूबाई व मी शेवटी, साडेदहाच्या सुमारास, उरलेले घेऊन बसत असू. भाजी बहुधा संपलेली असे, वरणाचा तळाचा पातळ भाग असे, आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून आम्ही भातच जास्त खात असू. ही शेवटची पंगत कोणालाही खटकत नव्हती, मलाही नाही. एकदा प्रयोगशाळेत नवे यंत्र आले तेव्हा पडताळणीसाठी आम्ही कर्मचाऱ्यांनी स्वतःचे रक्त दिले, आणि माझे हिमोग्लोबिन 8.6 निघाले. स्त्रियांमध्ये ते 12 च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. दिवसभर इतरांचे अहवाल वाचणाऱ्या मला स्वतःचा थकवा हा रक्तक्षयाचा आहे, वयाचा परिणाम नव्हे, हे कळले नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. या आकड्यामागे अनेक कारणे आहेत, परंतु त्यांत ही शेवटची पंगतही आहे असे मी ठामपणे म्हणेन. म्हणून आपल्याला माझी कळकळीची विनंती आहे की आई आणि पत्नी सर्वांबरोबर, त्याच वेळी, त्याच पातेल्यातले जेवतात की नाही हे आपण स्वतः पाहावे. वाढण्याचे काम पानावर बसल्या जागेवरून होऊ शकते.

आम्ही शेवटी वेळ साडेसात ठरवली. यजमानांनी संध्याकाळी दुकान तासभर मुलाच्या हाती देण्यास सुरुवात केली. मुलीचा शिकवणी वर्ग भंवरकुआँ भागात रात्री आठपर्यंत असे, त्यामुळे ती निघण्यापूर्वी पोळीभाजी खाऊन जाई आणि परतल्यावर फक्त दूध घेई. सर्वांना एकच वेळ जमत नसेल तर प्रत्येकाची आपापली ठरलेली वेळ असावी, मात्र ती रात्री आठनंतरची नसावी. आपण सराफ्याला, म्हणजे येथील सराफ बाजारातील रात्रीच्या खाऊगल्लीत, जाणार नाही असे मी गृहीत धरत नाही. सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्यावर रात्री तेथे जे सुरू होते ते प्रत्येक पाहुण्याला दाखवावे असेच आहे, आणि थंडीतील गराडू, म्हणजे तळलेला कंद, मलाही आवडतो. आमचा नियम एवढाच आहे की महिन्यातून एकदा जावे आणि ते रात्रीच्या जेवणाऐवजी असावे, जेवणानंतर नसावे.

आपल्या आईवडिलांच्या ताटात प्रथिने किती जातात हेही पाहावे. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 0.83 ग्रॅम प्रथिने असा भारतीयांसाठीचा निकष आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. आपले पातळ वरण एका माणसाच्या वाट्याला फार तर चार-पाच ग्रॅम देते. घट्ट वरण किंवा आमटी, मोडाची उसळ, दही, दूध, आणि चालत असल्यास अंडी असे दिवसभरात मिळून आले तरच हिशेब जुळतो. शाकाहारी ज्येष्ठांमध्ये ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता मला सतत दिसत असे. पायांना मुंग्या येणे आणि विसराळूपणा ही तिचीही लक्षणे असतात, म्हणून ती एकदा तपासून घ्यावी.

प्रथिनांचा विषय स्नायूंसाठी काढला. उत्साही म्हातारपण म्हणजे व्यवहारात काय, तर स्वतःच्या पायांवर उठता येणे. प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सुचवला जातो, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत असे सांगितले जाते. आपल्याकडे ज्येष्ठांना फक्त चालायला सांगतात. चालणे उत्तमच, पण त्याबरोबर हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे आणि ओट्याचा कठडा धरून एका पायावर उभे राहणे हेही करावे, कारण पडून खुब्याचे हाड मोडले की पुष्कळांचे हिंडणे-फिरणे कायमचे कमी होते. माझ्या सासूबाई 88व्या वर्षापर्यंत पाटावर बसून जेवत आणि कोणाचाही हात न धरता उठत. जेवणानंतर आम्ही सर्वजण लोकमान्यनगरच्या गल्ल्यांतून पंधरा मिनिटे चालतो. जेवणानंतर लगेच चालल्याने साखरेची चढ कमी होते, आणि मुलांशी दिवसभरात न झालेले बोलणे त्या पंधरा मिनिटांत होते, कारण कोणाच्याही हातात फोन नसतो. रविवारी पिपल्यापाला तलावाच्या उद्यानात जातो.

बोलण्यावरून एक महत्त्वाची गोष्ट आठवली. वडील टीव्हीचा आवाज वाढवू लागले असतील किंवा गप्पांतून उठून जात असतील, तर त्यांचे कान तपासून घ्यावेत. 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी 14 कारणे दिली, त्यांत ऐकू कमी येणे हेही एक आहे. माझे सासरे तीन वर्षे गप्प गप्प झाले होते आणि आम्ही तो त्यांचा स्वभाव समजलो. श्रवणयंत्र लावल्यावर ते पुन्हा पानावर बसून राजकारणावर वाद घालू लागले.

तंबाखू कोणत्याही रूपात घरात असेल तर वरील सर्व गोष्टींच्या आधी ती थांबवावी, त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. झोप प्रौढांना किमान सात तास हवी, आणि जेवण लवकर झाले की ती बरीचशी आपोआप जमते.

तपासण्यांबद्दल माझ्या कामातील एक अनुभव सांगते. पुष्कळ लोक उपाशीपोटीच्या तपासणीपूर्वी दोन दिवस गोड सोडून येतात आणि चांगला आकडा पाहून निश्चिंत होतात. तांबड्या रक्तपेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे त्यांना चिकटलेली साखर मोजणारी एचबीएवनसी ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवते आणि दोन दिवसांच्या पथ्याने बदलत नाही. 5.7 ते 6.4 टक्के हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा आहे. रक्तक्षय असल्यास मात्र हा आकडाही फसवू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन सोबत पाहावे. आपण आणि पत्नी दोघांनी ही तपासणी आणि कोलेस्टेरॉल या वर्षीच करून घ्यावे, आपल्याला काही त्रास होत नसला तरीही.

रक्तदाबाचे यंत्र घरी असावे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, बाहीवरून न बांधता दंडावर पट्टा बांधून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि वहीत तारखेसह लिहावे. बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असते. वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असल्यामुळे त्यांच्या मूत्रपिंडाची तपासणी झाल्याशिवाय आणि सध्याची औषधे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते मीठ घरात आणू नये. साधेच मीठ कमी आणावे. येत्या महिन्याची किराण्याची यादी सहाही जणांनी एकत्र बसून करावी, आणि मुलांना पिशवीवर तारीख लिहायला सांगावी, म्हणजे एक किलो मीठ नेमके किती दिवस पुरले ते आपल्याला कळेल.