‘वली’ खडकाची आणि ‘वली’ पर्वताची

डिचोली तालुक्यातील एका भूगोल-शिक्षिकेने विचारले आहे की, पाठ्यपुस्तकांत ‘वली पर्वत’ असे येते, तर अन्यत्र खडकांच्या ‘घड्या’ असेही वाचायला मिळते. यांपैकी नेमका शब्द कोणता? शिवाय आमच्याकडच्या लोहखाणींत खडकांना पडलेल्या वल्या उघड दिसत असताना सह्याद्रीला वली पर्वत म्हणायला हरकत कोणती?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. संस्कृतात ‘वलि’ आणि ‘वली’ ही दोन्ही रूपे आहेत आणि त्यांचा अर्थ त्वचेला पडलेली सुरकुती किंवा चुणी असा आहे. काव्यात येणारी ‘त्रिवली’ हीच. मराठीतली ‘वळी’ तिच्याच नात्यातली. घडी आपण घालतो, ती ठरवून घातलेली असते. वळी मात्र आकसल्याने वा दाबल्याने आपोआप पडते. खडकांचे थर दोन्ही बाजूंनी दाबले जाऊन वाकतात, म्हणून ‘घडी’ चूक नसली तरी ‘वली’ अधिक नेमका आहे, असे माझे मत आहे. शब्द स्त्रीलिंगी असल्याने अनेकवचन ‘वल्या’ असे करावे. ‘वलीकरण’ मधील ली दीर्घच लिहावी, कारण ‘शुद्धीकरण’, ‘एकत्रीकरण’ यांप्रमाणे ‘करण’ जोडताना आधीचा स्वर दीर्घ ईकार होतो. संत-सत्पुरुष या अर्थाचा ‘वली’ अरबीतून आलेला असून त्याचा या शब्दाशी काहीही संबंध नाही.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण ‘वली’ हे नाम खडकाची रचना सांगते, तर ‘वली पर्वत’ या जोडशब्दात तेच पद पर्वत उंच होण्याचे कारण सांगते. पर्वतात वल्या आहेत एवढ्यावरून तो वली पर्वत ठरत नाही; ज्या दाबाने थरांना वल्या पडल्या त्याच दाबाने तो पर्वत उचलला गेला असेल, तरच त्याला ते नाव शोभते. हिमालयाचे उदाहरण निर्विवाद आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट, म्हणजे भूकवचाचा सरकता तुकडा, युरेशियाच्या भूपट्टाला भिडला, मधल्या टेथिस समुद्राच्या तळावरचे थर दाबले जाऊन वाकले, एकमेकांवर सरकले, आणि हिमालय वर आला. ती क्रिया आजही चालू आहे.

सह्याद्रीचे तसे नाही. आंबोलीच्या बाजूला पाहिले तर दख्खनच्या बेसॉल्टचे थर जवळजवळ आडवे, एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून ते तयार झाले आणि त्यांना वल्या पडलेल्या नाहीत. तेथून दक्षिणेकडे येताना बेसॉल्ट मागे पडतो आणि गोव्याच्या पूर्व सीमेवर कितीतरी पटींनी जुने, वाकलेले, पिळवटलेले खडक लागतात. अनमोड घाटातील पट्टिताश्म, म्हणजेच नीस, तीनशे कोटी वर्षांहून जुना आहे. खडक असा मुळापासून बदलला तरी घाटाचा कडा मात्र अखंड चालू राहतो. याचा अर्थ असा की त्या कड्याची उंची वल्यांवर अवलंबून नाही. आधी मादागास्कर आणि नंतर सेशेल्स भारतापासून अलग झाले, पश्चिमेची कडा तुटून उघडी पडली, भूभाग उचलला गेला आणि नद्यांच्या झिजेने तो कडा पूर्वेकडे मागे हटत गेला, असे त्याचे साधारण स्पष्टीकरण दिले जाते.

मग डिचोलीच्या वल्या कशाच्या? तेथील पट्टेदार लोहखडकाचा हाताएवढा तुकडा घेऊन पाहावा. करड्या, धातूसारख्या चमकणाऱ्या हेमॅटाइटचे आणि फिकट गारेचे (क्वार्ट्झचे) बारीक पट्टे एकाआड एक असतात, आणि वल्या पडलेल्या तुकड्यात हे सारे पट्टे एकत्र वळतात; वाकणाशी ते जाड होतात, दोन्ही भुजांवर, म्हणजे वाकणाच्या दोन बाजूंवर, पातळ होतात. पट्टे न तुटता असे जाड-पातळ होण्यासाठी खडक खोलवर, उष्णतेने मऊ झालेला असावा लागतो. म्हणजे ही वली जमिनीच्या पृष्ठभागावर पडलेली नाही. अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या या खडकांवर एकेकाळी गिरिजननाचा, म्हणजे पर्वत घडण्याच्या क्रियेचा, दाब आला, त्या वेळचे डोंगर झिजून गेले आणि त्यांच्या पोटातला भाग आज खाणीच्या कापावर उघडा पडला. खंडीय कवच हलके असल्यामुळे खालच्या जड प्रावरणावर, म्हणजे कवचाखालच्या थरावर, तरंगत असते आणि डोंगराखाली त्याचे मूळ खोल गेलेले असते. सर्वसाधारण खंडीय कवच ३५ ते ४० किलोमीटर जाड असते, तर तिबेटखाली ते सुमारे ७० किलोमीटर आहे. वरचा भाग झिजला की हे मूळ हळूहळू वर येते. या समतोलाला भूविज्ञानात ‘समस्थायित्व’ म्हणतात.

म्हणून वर्गात सांगताना ‘गोव्यातील जुन्या खडकांना वल्या पडलेल्या आहेत, पण सह्याद्री वली पर्वत नाही’ असे पूर्ण वाक्य सांगावे. त्यातले पहिले अर्धे वगळले तर मुले डोळ्यांसमोरची वली नाकारतात, आणि दुसरे वगळले तर सह्याद्री हिमालयाच्या रांगेत जाऊन बसतो. हीच काळजी ‘अपनती’ आणि ‘अभिनती’ या शब्दांबाबतही घ्यावी. अपनती म्हणजे वर फुगलेली वली, टेकडी नव्हे. अभिनती म्हणजे खाली खचलेली वली, दरी नव्हे. वेल्समधील स्नोडन शिखराच्या माथ्यावरचे खडक अभिनतीत आहेत.