कर्जासोबतच्या विम्याचा क्लेम २०२१ मध्ये नाकारला, आता दाद मागता येईल का?

येईल, पण आधी मला सांगा, नकार दिला कुणी? तुम्ही लिहिलंय २०२१ ला पाय मोडला, काम बंद पडलं, लोनला विमा होता, ब्रँचमधला माणूस म्हणाला यात फ्रॅक्चर बसत नाही, मग तुम्ही दंडासकट हप्ते भरत राहिला. अहो, काउंटरवरचा माणूस तोंडी काय बोलला त्याला क्लेमचा निकाल म्हणत नाहीत. क्लेम मंजूर का नामंजूर हे विमा कंपनी ठरवते आणि नामंजूर असेल तर कारणासकट लेखी द्यावं लागतं तिला. तुमच्याकडं तसं पत्र नाही, म्हणजे क्लेम बहुतेक कंपनीपर्यंत गेलेलाच नाही.

मी सांगलीचा, पिकअप चालवतो, मार्केट यार्डातून हळद-बेदाणा. गाडीच्या लोनला असाच विमा चिकटवलेला, प्रीमियम कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्याच्यावरचं व्याज पण आपणच भरायचं. अंकलीच्या पुढं गाडी उलटली, मांडीचं हाड गेलं, आणि फायनान्सवाल्यांनी मला पण हेच उत्तर दिलं होतं. (गुगलवर पीपीआय, म्हणजे हप्त्यांच्या संरक्षणाचा विमा, म्हणून शोधू नका, सगळी ब्रिटनची माहिती येते, तिथली जुन्या तक्रारींची मुदत २९ ऑगस्ट २०१९ लाच संपली, आपल्याला त्याचा काही उपयोग नाही.)

पहिलं काम, सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स, म्हणजे तुमच्या नावाचा विम्याचा दाखला, मागा, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन. हे विमे ग्रुपचे असतात, मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर आणि आपण नुसते मेंबर, त्यामुळं घरात कागद नसतोच बऱ्याच जणांच्या. त्यात बघा कव्हर कशाला आहे. नुसता मृत्यू असेल तर अपघाताचा क्लेम सोडून द्या, तिथं डोकं आपटून काही मिळत नाही, फार तर न विचारता विमा माथी मारला अशी तक्रार होईल. कायमचं अपंगत्व असेल तर सिव्हिलचा टक्केवारीचा दाखला लागेल. आणि तात्पुरतं पूर्ण अपंगत्व लिहिलेलं असेल तर तुमचं काम होण्यासारखं आहे, कारण त्यात कामावर जाता येत नव्हतं तेवढ्या काळाचे हप्ते कंपनी भरते, मर्यादा पॉलिसीत दिलेली असते.

मग क्लेम थेट कंपनीच्या हेड ऑफिसला पाठवा, रजिस्टर पोस्टानं. डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, डॉक्टरांनी किती महिने विश्रांती सांगितली तो कागद, पोलिसात नोंद असेल तर ती, नसेल तर हॉस्पिटलच्या एमएलसी (अपघात-पोलिस केसच्या नोंदीच्या) रजिस्टरची नक्कल. उशीर का झाला ते सरळ लिहा, ब्रँचनं चुकीचं सांगितलं म्हणून. मला कंपनीनं उशिरा कळवलं एवढ्याच कारणावर नाकारलं होतं, पण इर्डाचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचं, २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक आहे की खरा क्लेम नुसत्या उशिराच्या नावाखाली यांत्रिकपणे फेटाळू नये, ते मी तक्रारीला जोडलं आणि त्याचाच उपयोग झाला.

कंपनीनं नाकारलं तर आधी कंपनीकडंच लेखी तक्रार करा, तीही फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच नाही दिलं तर पुण्याचा विमा लोकपाल, सातारा-सांगली त्यांच्याकडंच येतं. फी नाही, वकील चालत नाही, पण नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. नुसती पत्रावर पत्रं लिहीत बसला तर ती मुदत वाढत नाही हे लक्षात ठेवा. ग्राहक आयोगाला दोन वर्षं असतात, तुमच्या केसमध्ये २०२१ पासून मोजा म्हणून समोरचा वकील भांडणार हे नक्की, तेव्हा विलंब माफीचा अर्ज सोबतच द्यायचा.

आता दंड आणि सिबिल, म्हणजे हप्ते थकल्याची कर्जाच्या रेकॉर्डवरची नोंद. हे भांडण वेगळं, ते कर्ज देणाऱ्याशी, विमा लोकपाल त्यात पडत नाही. आधी बँकेला किंवा फायनान्सला लेखी तक्रार, तीस दिवसांत समाधान नाही झालं तर आरबीआयचा लोकपाल, ऑनलाइन फुकट होतं. विम्याचे पैसे मंजूर झाल्याचं पत्र हातात असलं की इथं जोर येतो, म्हणून मी क्रम तसा ठेवला होता. माझे हप्ते कंपनीनं भरले, दंडातला मात्र थोडाच भाग सुटला, सगळा नाही. पतसंस्थेचं कर्ज असेल तर आरबीआयकडं जाऊन उपयोग नाही, जिल्हा उपनिबंधकांकडं जावं लागतं, आपल्याकडं निम्म्या लोकांचं कर्ज तिथंच असतं म्हणून सांगितलं.

आणि मधेच कुणी थोडे पैसे देतो म्हणून "माझी काही तक्रार नाही" असल्या कागदावर सही मागितली तर पूर्ण वाचल्याशिवाय करू नका. सर्टिफिकेट मिळालं की त्यातलं अपंगत्वाचं कलम इथं टाका, लोन नंबर झाकून, बघून सांगतो.